भुईवर घेतलेला

डॉक्टर बोरशांनी करकचून ब्रेक दाबला आणि स्वतःचं कपाळ काचेवर आपटता आपटता वाचवलं. नंदुरबारात बाजाराच्या दिवशी गाडी काढणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, हे त्यांना कित्येक वर्षं ठाऊक होतं, आणि कित्येक वर्षं ते हा वेडेपणा करून बाजारालाच शिव्या घालत आले होते. रस्ता या लोकांच्या बापाचा. मिरच्यांची पोती रस्त्यात, बकऱ्या रस्त्यात, बाया मधोमध उकिडव्या बसून बांगड्या भरताहेत, आणि हॉर्न वाजवला की मान वर करून असं बघतात की गाडीनेच यांचं घोडं मारलंय. त्यात आता हा एक. पहाडातला कुणी, लंगोटी, डोक्याला मुंडासं, खांद्यावर बांबूच्या टोपल्यांची चळत, इकडेतिकडे न बघता सरळ गाडीपुढून चाललेला. डॉक्टरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, शिवी तयारच होती, तेवढ्यात तो माणूस गाडी ओलांडून पाठमोरा झाला. उघड्या पाठीवर, कमरेच्या जरा वर, अगदी मधल्या रेषेत, लिंबाएवढं टेंगूळ होतं. शिवी तोंडातच राहिली. असलं टेंगूळ कशानं येतं हे त्या अख्ख्या बाजारात एकट्या डॉक्टर बोरशांना कळत होतं.

पण हा तो नव्हे, असा निकाल त्यांच्या मनाने तिथल्या तिथे देऊन टाकला. असल्या बाबतीत त्यांचं मन फार तत्पर होतं. ताडी उतरवायला झाडावर चढणारे पहाडात काय कमी आहेत, आणि चढणारे आहेत तर पडणारेही असायचेच. तेवढ्यात त्या माणसाने टोपल्या सावरायला मान वळवली आणि डाव्या कानाची फाटलेली पाळी दिसली. जान्या. अठ्ठावन सालच्या मार्गशीर्षात अक्कलकुव्याच्या वरच्या कुठल्याशा पाड्यावरून त्याला त्याच्या माणसांनी आणला होता. दोन लांब बांबू, त्यांच्यामध्ये चटई, चटईवर हा उताणा, आणि छातीपासून गुडघ्यांपर्यंत सालीच्या दोऱ्यांनी असा आवळलेला की डॉक्टरांना हसू आलं होतं. माणूस आणलाय की मोळी, असं त्यांनी कंपाउंडर भिलाला विचारलं होतं, आणि भिला हसला होता, कारण डॉक्टर हसले की भिला हसायचा. एक्स-रेचा फोटो काढला. पाठ संपून कंबर सुरू होते तिथला मणका चेपलेला, वरचा कणा थोडा पुढे सरकलेला. पायाची बोटं मात्र हलत होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. जान्याच्या बायकोने, भुरीबाईने, कापल्यावर हा उठेल का एवढंच विचारलं. मी सर्जन आहे, भगत नाही, असं उत्तर तिला मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी. चटई, बांबू, दोऱ्या, जान्या, सगळा कारभार गायब. तीन महिन्यांत कुजून मरेल, असं डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं होतं.

आणि हा समोर चालत होता. डॉक्टरांनी गाडी तशीच रस्त्यात सोडली. मागे एक बैलगाडी अडली, तिचा मालक ओरडायला लागला, ओरडू दे. त्यांनी जान्याला गाठलं. जान्याने त्यांना लगेच ओळखलं आणि सगळे दात दाखवून हसला. न सांगता पळून गेल्याची लाज वगैरे काही नाही. लाज वाटायला माणसाला आधी काही कळावं लागतं. काय केलं, कुणी बांधलं, कुणाचं औषध, असं डॉक्टरांनी एकामागून एक विचारलं, आणि जान्याला ते प्रश्नच समजले नाहीत. औषध कसलं? घरात भुईवर नदीची वाळू पसरली, वर चटई टाकली, चटईवर हा. कूस बदलायची तर चौघांनी मिळून एका दमात, ओंडका लोटतात तसा लोटायचा. मार्गशीर्षापासून होळीपर्यंत. आपल्याला बसावंसं वाटे, आपण शिव्या देत असू, एकदा तर रडलोही, हेसुद्धा त्याने हसत सांगितलं. "भुरीनी माले उठूच दिधं नही," तो म्हणाला, आणि मग तेच परत म्हणाला, जसं काही यातच सगळं आलं. मग त्याने टोपल्या खाली ठेवल्या, कमरेत वाकून दाखवलं, सरळ होऊन दाखवलं, आणि डॉक्टरांना टोपली हवी का म्हणून विचारलं.

गाडीत परत येऊन बसल्यावर डॉक्टरांनी आपला ताठा नीट अंगाभोवती ओढून घेतला. नशीब, दुसरं काय. हजारात एखादा असा सुटतो आणि मग तो बाजारभर पाठ दाखवत हिंडतो. उरलेले नऊशे नव्याण्णव कुठल्या पाड्यावर कुजले ते सांगायला कुणी टोपल्या घेऊन येत नाही. एका माणसावरून शास्त्र ठरत नसतं. वाळू म्हणे! या मुलखात माणसं हाड मोडलं की वाळू घालतील, शेण लावतील, कोंबडं कापतील, सगळं करतील, फक्त ज्याने मुंबईत सहा वर्षं मढी फाडून विद्या मिळवली त्याच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. हे सगळं त्यांनी मनात पूर्ण केलं, अगदी क्लबात बोलायचे त्या ठसक्यात, आणि गाडी सुरू केली. पण स्टिअरिंगवर ठेवलेल्या उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांना ते झालं. वर्षा-सहा महिन्यांनी केव्हातरी व्हायचं. बोटांच्या टोकांखाली काहीतरी निसटल्यासारखं, दाराची कडी खाचेतून अलगद सुटावी तसं, आवाज न होता. त्यांनी हात झटकला. आज अकरा वाजता ऑपरेशन होतं. तोच मणका, तसाच फोटो. लोटन गुजराची बायको, मंगलाबाई. ज्वारी राखायला मचाणावर बसली होती, मचाणाचा खांब कलला आणि ती पाठीवर आली. तिच्याही पायाची बोटं हलत होती. काल संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतः पाहिली होती, आणि पाहताना त्यांचं लक्ष बोटांपेक्षा तिच्या नवऱ्याच्या चेहऱ्याकडे होतं, कारण लोटन म्हणजे चुनीलालचा धाकटा भाऊ.

चुनीलाल जान्याच्याच आठवड्यात आला होता. हा पहाडातला नव्हे. तापीकाठचा गुजर, विहीर, बागाईत, अंगावर पांढरंशुभ्र मलमल, खाटेवर पडल्या पडल्यासुद्धा माणसांना कामं सांगणारा. कपाशीने शिगोशीग भरलेल्या गाडीवर बसून सरकी काढायच्या जिनाला निघाला होता, चाक चारीत गेलं आणि वरून खाली. डॉक्टरांना तेव्हा छत्तिसावं लागलेलं, हॉस्पिटलच्या भिंतींचा चुना अजून हाताला लागत होता, आणि पाठीच्या कण्याचं ऑपरेशन धुळ्याच्या अलीकडे आजवर कुणीच केलं नव्हतं. जान्या पळाला, पण चुनीलाल होता. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता. डॉक्टरांनी नातेवाइकांना गोळा करून तो अंगठा दाखवला होता. बघा, मज्जारज्जू जिवंत आहे, नुसता दाबला गेलाय, मागची हाडाची कमान काढली की दाब सुटेल आणि हा माणूस होळीला नाचेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. चुनीलालची आई जसोदाबाई तेवढी बोटाने अंगठा दाबून म्हणाली होती, की आता हलतोय तर राहू द्या ना हलता. अडाणी बाई. डॉक्टर तिच्याकडे बघून हसले होते, लहान पोराकडे बघून हसतात तसे. मग धुळ्याहून भूल देणारा आला, चुनीलालला पालथा घातला, पाठ उघडली, आणि डॉक्टरांनी मणक्याच्या मागच्या कमानी एकेक करून कुरतडून काढल्या. फार सुबक काम झालं होतं. एवढं सुबक, की शेवटची कमान निघाली आणि पुढे चेपलेल्या कण्याला मागून धरून ठेवणारं काहीच उरलं नाही, आणि त्यांच्या दोन बोटांखाली तो कणा सरकला. किती? ज्वारीच्या दाण्याएवढा असेल. खोलीत कुणाला कळलं नाही. डॉक्टरांनी टाके घातले, प्लास्टरच्या साच्यात पाठ ठेवली, बाहेर येऊन लोकांना सांगितलं की ऑपरेशन फर्स्ट क्लास झालं. त्या संध्याकाळी त्यांनी चुनीलालला अंगठा हलवायला सांगितलं. चुनीलाल म्हणाला, हलवतोय. अंगठा तसाच होता. भूल उतरेल, सूज उतरेल, उद्या हलेल. भिला पायथ्याशी उभा होता, त्यानेही पाहिलं. डॉक्टरांनी केसपेपर मागून घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं, पायांची हालचाल आहे. दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं. लिहिताना हात कापला वगैरे काही नाही. त्यांचा हात कापत नसे, हीच तर त्यांची कीर्ती होती.

तिसऱ्या दिवशी चुनीलालला हुडहुडी भरून ताप चढला. लघवीला नळी घातलेली, तिच्यातून विष भिनलेलं. असं होतं, त्याला औषध असतं, मरायचं काही कारण नसतं. डॉक्टर जेवायला घरी गेलेले. परत येऊन बघतात तर वॉर्डच्या कोपऱ्यात फरशीवर शेणाचा सडा, त्यावर दर्भ, आणि दर्भावर चुनीलाल. खाटेवर मरण येऊ नये म्हणून भुईवर घेतलेला. प्लास्टरचा साचा खाटेखाली लोटून दिलेला, तोंडात तुळशीचं पान, तापीचं पाणी गळ्यावरून ओघळतंय, बाया रडताहेत, आणि जसोदाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. काय उचलला असेल, कसा वाकवला असेल! डॉक्टरांचा आवाज तेव्हा पार स्टेशनपर्यंत गेला असेल. जनावरं आहात तुम्ही, खाटीक आहात, मी उभा केलेला माणूस तुम्ही मोडलात, असं ते ओरडले, आणि लोटन, तेव्हा वीस-बावीस वर्षांचा, आईच्या अंगावर धावून गेला. ते सगळं ओरडत असताना डॉक्टरांच्या छातीत एक गोष्ट झाली. त्यांना हायसं वाटलं. फार नाही, घोटभर. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी लागतं तितकं. पाय का गेले याचं उत्तर फरशीवर, शेणात, दहा जणांच्या देखत पडलं होतं, आणि त्यात त्यांचं नाव कुठेही नव्हतं.

मग ही गोष्ट त्यांची झाली. क्लबात झाली, धुळ्याच्या डॉक्टरांच्या मंडळात झाली, मुंबईहून कुणी जुना सोबती आला की त्यालाही झाली. माझं ऑपरेशन यशस्वी झालं, पेशंट त्यांनी भुईवर घेऊन मारला. इथे थोडं थांबायचं, आणि लोक हसायचे. सांगून सांगून गोष्ट इतकी गुळगुळीत झाली की त्यातला केसपेपर, संध्याकाळचा अंगठा, सगळं झिजून गेलं. चुनीलाल काही तेव्हा मेला नाही. तसा तो मेला असता तर बरं झालं असतं. दोन वर्षं घरी पडून राहिला. ढुंगणावरची जखम एवढी खोल झाली की आतलं हाड पांढरं दिसे; डॉक्टर एकदा जाऊन बघून आले आणि परत गेले नाहीत, वास कपड्यांना बसतो म्हणून. मूत्रपिंडं सडली, तोंड सुजलं, आणि गेला. त्रेसष्ट साली त्यांच्याकडे टपालाने येणाऱ्या एका मासिकात एक लेख आला होता, की असा मोडलेला कणा मागून उघडून कमानी काढू नयेत, त्याने उरलासुरला आधार जातो, हलणारे पाय लुळे पडतात. उताणं निजवून ठेवा, एका दमात कूस बदला, हाड आपलं आपण सांधतं. डॉक्टरांनी पहिलं पान वाचलं. विलायतेतल्या लोकांना कामं नसतात, असं म्हणून त्यांनी तो अंक दवाखान्याच्या वजनकाट्याखाली सरकवला, काटा एका बाजूला कलत होता म्हणून. तो आजही तिथेच होता.

हॉस्पिटलच्या आवारात लोटनची जीप उभी होती, आणि तिच्या पलीकडे जिनातली सरकी पोचवून आलेला त्याचाच रिकामा ट्रक. ओट्यावर, ऑपरेशनच्या खोलीपासून होता होईल तितकी दूर, खांबाला टेकून म्हातारी जसोदाबाई बसली होती. डॉक्टर तिच्यासमोरून गेले तेव्हा तिने पदर सारखा केला, नजर वर उचलली नाही. लोटन आत वाट बघत होता. आता तिशीचा, टेरिलीनचा शर्ट, मनगटात घड्याळ, बोलण्यात अहिराणी दाबून शहरी मराठी आणायचा तोच केविलवाणा खटाटोप, जो बघितला की डॉक्टरांच्या अंगाचा तिळपापड होई. का होई, हे त्यांना माहीत होतं. तेही या मुलखातलेच, रनाळ्याचे. आधीची दोन पोरं गेली म्हणून आईने तिसऱ्याचं नाव चिंधीवरून धुडकू ठेवलं, म्हणजे कुणाची नजर लागणार नाही. धुडकू मुंबईला गेला आणि दिनकर होऊन परत आला, आणि त्यानंतर त्यांनी घरी, दारी, झोपेतसुद्धा अहिराणीचा शब्द उच्चारला नव्हता. लोटनने सांगितलं की सगळी तयारी झालीय, भिला हत्यारं उकळतोय, आणि साहेबांनी आईची काही काळजी करू नये. यावेळी तिला खोलीत पाऊल ठेवू देणार नाही. मोठ्या भावाच्या वेळी तिने जे केलं ते आपण विसरलो नाही. आठ वर्षं आपण तिच्याशी कामापुरतंच बोलतो. मंगलीला तिचा हातसुद्धा लागू देत नाही. हे त्याने अभिमानाने सांगितलं. डॉक्टरांना शिकलेल्या माणसाची खूण पटावी म्हणून सांगितलं.

डॉक्टर मंगलाबाईच्या खाटेपाशी गेले. पंचवीसची असेल नसेल, ओठ वाळलेले, डोळे छताला. त्यांनी पांघरूण वर केलं. पाय हलव म्हणायच्या आधीच तिने अंगठे हलवले, दोन्ही पायांचे, एकदा, दोनदा, शाळेतली मुलगी विचारायच्या आत उत्तर देते तशी. आणि डॉक्टरांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना परत ते झालं. भुरीनी माले उठूच दिधं नही. लंगोटीवाला, टोपल्या विकणारा, सही करता न येणारा एक माणूस आज सकाळी बाजारात वाकला आणि सरळ झाला, आणि झाला म्हणजे झाला. त्याचं काही करता येईना. त्यांना जान्याचा भयंकर राग आला. मग भुरीबाईचा आला, मग त्या वाळूचा. मग राग यायला कुणी शिल्लक राहिलं नाही.

ते बाहेर आले आणि ऑपरेशन होणार नाही म्हणाले. का, म्हणून लोटनने विचारलं. याचं उत्तर साधं होतं आणि डॉक्टरांनी ते दिलं नाही. त्यांनी दिलं ते नेहमीचं. तुम्हा लोकांना पेशंट सांभाळता येत नाही. मी जोडायचं आणि तुम्ही मोडायचं. तिला घरी न्या, तीन महिने उताणी निजवा, बसवू नका, उठवू नका, कूस बदलायची तर चौघांनी मिळून. तेवढं तरी जमतं का बघा. आपण खरं तेच सांगतोय, ती पोर यानेच वाचेल, मग शब्द कुठले का असेनात, असा त्यांनी स्वतःशी हिशोब मांडला. पण लोटनच्या कानात शब्दच गेले. त्याचं तोंड उतरलं, मग लाल झालं. आईच्या एका चुकीपायी सगळ्या घराण्याला गावंढळ ठरवता, तर ठरवा, तो म्हणाला. सुरतेला मोठे सर्जन आहेत, संध्याकाळच्या आत पोचू, ते आज रात्रीच्या आत कापतील. आणि तो जीपकडे वळला. पुढच्या सीटवर मंगलीला टेकवून बसवायचं, मागून कमलबाई धरेल, असं तो माणसांना सांगू लागला. कमलबाई म्हणजे मंगलाबाईची थोरली बहीण. तिने उशा आणायला सुरुवात केली.

बसवून. सुरतेपर्यंतच्या रस्त्याने. डॉक्टर ओट्यावर उभे होते. मागून धरणारं काही नसलं की कणा कसा सरकतो हे त्यांच्या बोटांना माहीत होतं, आणि आता तो त्या जीपमध्ये कुठल्या नाल्यावर सरकेल हेही जवळजवळ दिसत होतं. त्यांनी लोटनला हाक मारली. बसवू नका म्हणाले. लोटनने मान वळवली नाही. मग त्यांनी शुद्ध मराठीत सुरुवात केली, की चुनीलालच्या बाबतीत, म्हणजे तेव्हाच्या शास्त्राप्रमाणे, शस्त्रक्रियेनंतर काही वेळा अशी गुंतागुंत उद्भवते, की ज्याची जबाबदारी निश्चित करणं कठीण असतं. भिला दारातून बघत होता. दोन खाटांवरचे पेशंट बघत होते. वाक्य कुठेच जात नव्हतं. असली वाक्यं कुठे जाऊ नयेत म्हणूनच तर बनवलेली असतात. लोटन म्हणाला, काय म्हणता ते समजलं नाही, साहेब, आणि जीपचं दार उघडलं. कमलबाईने उशी सीटवर रचली. आणि डॉक्टरांच्या तोंडून वीस वर्षांत न आलेली भाषा आली, मोडकी, गंजलेली, रनाळ्याच्या गल्लीतली.

"लोटन, तुन्हा भाऊना पाय मन्हा हातथीन गयात. तुन्ही मायनी भुईवर लिधं त्याना दोन दिन आधीच गयथात. मी खोटं लिखं."

भिलाने मान खाली घातली, म्हणजे त्याला आठवत होतं. लोटनचा हात जीपच्या दारावर होता तसाच राहिला. डॉक्टरांना वाटलं आता हा मारेल, आणि त्याने मारावं असंही वाटलं, म्हणजे निदान काहीतरी फिटेल. पण लोटन आईकडे बघत होता. जसोदाबाई खांबाला धरून उठली. उठायला तिला वेळ लागला. ती ओटा उतरून आली, डॉक्टरांच्या अगदी पुढ्यात उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडे बघू लागली, बाजारात वांगं हातात घेऊन उलटसुलट बघतात तसं. ती रडेल, शाप देईल, किंवा झालं गेलं म्हणून हात जोडेल. डॉक्टर तिन्हीला तयार होते.

"आते सांगस?" ती म्हणाली. मग आवाज न चढवता बोलली, अर्धं त्यांच्याशी, अर्धं लोटनशी. पहिल्याच संध्याकाळी पोराने तिला विचारलं होतं, माय, मन्हा पाय कोठे गयात? तिने हात लावून पाहिला होता, अंगठा हलत नव्हता. तिने डॉक्टरला सांगितलं, डॉक्टर हसला. लोकांना सांगितलं, लोक म्हणाले डॉक्टर लिहितोय ते खरं का तू अडाणी म्हणतेस ते? तिसऱ्या दिवशी तापात त्यानेच मागितलं, माले माटीवर ले. म्हणून घेतला. मग आठ वर्षं ती ऐकत आली की तिनेच मोडला, आणि ऐकता ऐकता कधी कधी तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. हे शेवटचं सांगताना तिचा आवाज जरा फाटला. तेवढाच. मग तिने डोळे पुसले नाहीत, लोटनच्या हातातून जीपचं दार काढून घेतलं आणि लावलं. त्याने लावू दिलं.

पुढचं सगळं तिने ठरवलं. जीप नाही. ट्रक. ट्रकात तळाला सरकीचा आणि कापसाचा कचरा होता, त्यावर गोधड्या, गोधड्यांवर खाट, आणि मंगलीला खाटेसकट उचलायचं, खाटेवरून नाही. बसवायचं नाही. कुणी तिला बसवलं तर हात मोडेन. सुरत नाही, घर. डॉक्टरांनी जे सांगितलं तेच ती करायला सांगत होती, आणि एकदाही त्यांच्याकडे विचारायला वळली नाही. मंगलाबाईला खाटेवर पातळाने छातीशी आणि गुडघ्यांशी बांधलं. जान्याला बांधला होता तसंच, फक्त दोऱ्यांऐवजी सुती पातळ. लोटन एका कोपऱ्याला गेला, ट्रकचा ड्रायव्हर दुसऱ्या, भिला न सांगता तिसऱ्या. चौथा कोपरा पायथ्याकडचा. डॉक्टर ओट्याच्या पायरीवर पांढऱ्या कोटात उभे होते, काय करायचं असतं ते विसरलेल्या माणसासारखे. जसोदाबाईने मान वळवली.

"धुडकू, तुन्हा पाय चालतस ना? मंग धर एक कोपरा."

ते नाव मुलखाला ठाऊक होतं, पण हॉस्पिटलात त्यांना या नावाने कुणी हाक मारली नव्हती. ते खाली उतरले. खाटेचा पाय तेलकट होता, हाताला चिकटला. एका दमात उचला, म्हातारी म्हणाली, आणि चौघांनी उचलली, आणि ती डॉक्टरांच्या कल्पनेपेक्षा कितीतरी जड होती. ते सगळ्यात मागे चालत होते, त्यांच्या नाकासमोर पांघरुणाखाली तिचे दोन पाय. पायरीवर खाट किंचित कलली, आणि ती घाबरली असावी, कारण पांघरुणाखाली दोन्ही अंगठे हलले. डॉक्टरांनी ते पाहिलं. म्हातारी ओरडली, तिकडं काय बघस, खाट सरळ धर, आणि त्यांनी खाट सरळ धरली.